टीव्हीला लावलेलं ओलं कुंकू

कंपनीने मला टीव्ही बदलून दिला, ही गोष्ट आमच्या बिल्डिंगमध्ये अजून सांगतात. बिबवेवाडीत आमच्या आसपास कुणाचा फ्रिज बिघडला, कुणाचं वॉशिंग मशीन अडलं की त्याला माझ्याकडे धाडतात. "काकांना विचारा, त्यांनी कंपनीला नमवलं." मी त्याला चहा पाजतो, काहीबाही सांगतो आणि वाटेला लावतो. खरं काय झालं ते मी कुणाला सांगत नाही. आज लिहायला बसलोय. चौथी शिकलेल्या माणसाचं लिहिणं आहे, ऱ्हस्व-दीर्घ तेवढं सांभाळून घ्या. बाकी काही सांभाळून घेऊ नका.

माझा जन्म धायरीचा, धायरी खेडं होतं तेव्हाचा. शेती थोरल्या भावाने पाहिली, मी शहरात आलो आणि फरशी घासायच्या मशीनला लागलो. पुढे मशीन स्वतःचं केलं. पुण्यातल्या किती घरांच्या फरश्यांमध्ये मी तोंड दिसेल इतकी चमक आणली, त्याची गणती नाही. मुलगा शिकला, कंप्युटरच्या कंपनीत लागला, वाघोलीला फ्लॅट घेऊन राहिला. मुलगा वाईट नाही. पण माझ्याशी बोलताना तो बालवाडीतल्या पोराला समजावल्यासारखं बोलतो. गॅसचा नंबर लावायचा असो की लाइटबिल भरायचं असो, त्याचं वाक्य ठरलेलं. "बाबा, तुम्ही त्यात हात घालू नका."

टीव्ही घ्यायचं निघालं तेव्हाही हेच झालं. "बत्तीस इंची बास झाला तुम्हाला. मोठा झेपणार नाही. दिवाळीला येतो तेव्हा मीच बघतो." झेपणार नाही हा शब्द माझ्या डोक्यात जाऊन बसला. दसऱ्याच्या सकाळी धोतर-टोपी घालून मी एकटा दुकानात गेलो आणि पंचावन्न इंची घेऊन आलो. दुपारी माणसं येऊन भिंतीवर लावून गेली. समोरची भिंत निम्मी भरली. मुलाला फोन केला तर म्हणाला, "बरं, दिवाळीला आल्यावर बघतो काय केलंय ते." जसं काही मी खिडकीची काच फोडून ठेवली होती.

आता मूळ मुद्दा. दसऱ्याला मी माझ्या मशीनची पूजा करायचो. पूजा म्हणजे काय, तांब्यातलं पाणी शिंपडायचं, कुंकू कालवून स्वस्तिक काढायचं, झेंडूचा हार घालायचा. फरशीचं मशीन पाण्यातच चालतं, त्याला पाण्याचं काय भय? ते काम सुटलं, मशीन विकलं, पण दसऱ्याला हात शिवशिवतात. मी कुंकू कालवलं तेव्हा बायको म्हणाली, "अहो, ओलं नका लावू त्याला. विजेची वस्तू आहे ती."

मी म्हणालो, "मशीन काय रॉकेलवर चालायचं?"

ती आत निघून गेली. मी पडद्याच्या खालच्या कडेला बोटाने स्वस्तिक काढलं. कुंकू पातळ झालं होतं, त्याचा ओघळ खालच्या काळ्या पट्टीत उतरला. वरून झेंडूच्या फुलाने पाणी शिंपडलं. ओघळ उपरण्याने टिपला. शेजारचे रिटायर झालेले मास्तर सोनं द्यायला आले होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "पूजा टीव्हीची वाटतं. छान. आता मिक्सरची मुंज कधी?"

चौथ्या दिवशी पडद्यावर एक हिरवी उभी रेघ आली. सहाव्या दिवशी चार झाल्या. नंतर डावीकडचा निम्मा पडदा काळा पडला. सुरुवात नेमकी जिथे मी कुंकू लावलं होतं तिथून. मला तेव्हाच कळलं, खोटं कशाला लिहू. बायकोलाही कळलं. पण ती बोलली नाही आणि मी तिला बोलायला जागा ठेवली नाही. "कंपनीने खोटा माल खपवलाय," मी म्हणालो. "बदलून घेतल्याशिवाय सोडत नाही."

दिवाळीला मुलगा येणार होता. तोवर टीव्ही धड व्हायला हवा होता. नाहीतर त्याने जन्मभर म्हटलं असतं की सांगितलं होतं, हात घालू नका. माझं घोडं एवढ्यावरच अडलं होतं.

कंपनीचा फोन लावला की एक बाई हिंदीत सांगायची, यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा. मी तिला म्हणायचो, "बटण दाबणार नाही. माणसाला बोलव." बायको म्हणाली, "अहो, ती टेप आहे." मी म्हणालो, "असू दे टेप. कुणीतरी ऐकत असेलच." तीन दिवस मी टेपेशी भांडलो. शेवटी मास्तरांनी बटण दाबून दिलं. पलीकडच्या पोराला मी मराठीत इतकं सुनावलं की त्याने लगेच तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, उद्या मेकॅनिक येईल. मेसेज इंग्रजीत. मास्तरांनी वाचून दाखवला, त्यात मेकॅनिकचं नावही होतं. मुसलमानाचं नाव होतं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही, हेही खरं आहे.

तो आला. पन्नाशीचा, केस पिकलेले, चपला दाराबाहेर जोडीने लावून आत आला. बोलणं असं की माझ्यापेक्षा त्याचं मराठी शुद्ध. "काका, आपण बसा, मी बघतो." फळीवरची तांब्या-पितळेची भांडी पाहून म्हणाला, "माझे वडील कल्हई करायचे, रविवार पेठेत. यातलं एखादं भांडं त्यांच्या हाताखालून गेलं असेल." बायकोला ते आवडलं. ती चहा टाकायला गेली.

त्याने टीव्ही लावून पाहिला, बंद केला. मग वाकून मोबाइलच्या उजेडात खालची पट्टी पाहिली. पडद्याचा, मागच्या स्टिकरचा आणि पट्टीचा फोटो काढला. बॅगेतून कापसाची काडी काढून पट्टीच्या फटीतून फिरवली. काडीचं टोक लाल झालं.

"काका, पूजा केली होती का?"

"कशाची?"

"टीव्हीची. लाजू नका, सगळे करतात. आमच्या सेंटरवर खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, मीपण फूल वाहतो. फक्त कोरडी करतो." तो हसला. "कोरड्या पूजेवर देव रागवत नाही. पण ओल्या पूजेवर पॅनल रागवतं."

मी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. तो म्हणाला, "पाणी गेलं की वॉरंटीत बसत नाही. पण मी साहेबांशी बोलतो. नवीनच टीव्ही आहे, काहीतरी मार्ग काढू."

म्हणजे तो माणूस माझ्याच बाजूने होता. एक शब्द बोलायचा होता, हो. माझ्या धंद्यात मी स्वतः असल्या गिऱ्हाइकांना शिव्या घातल्या आहेत. संगमरवरावर लिंबू सांडतात, डाग पडतो, आणि म्हणतात पॉलिश खोटं. मी त्यांना म्हणायचो, बाई, लिंबू सांडलं एवढं कबूल करा, मी फुकट घासून देतो. पण माझ्या कामाला खोटं म्हणू नका. हे सगळं मला ठाऊक होतं. पण स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. तिच्या तोंडावर मला माझ्या मुलाचं वाक्य दिसलं.

"पाणीबिणी काही गेलेलं नाही," मी म्हणालो.

"काका, हे कुंकू आहे," त्याने काडी पुढे केली.

आणि मी एकदम 'तू'वर आलो. "तुला काय कळतंय आमच्या पूजेतलं? आमच्या देवाच्या पाण्याने टीव्ही जळतो म्हणतोस? तुझ्या कंपनीने शिकवलं का हे, का तुझं तूच?"

माझा आवाज मोठा आहे. मशीनच्या आवाजावर ओरडून ओरडून झालेला. दार उघडं होतं. खालच्या मजल्यावरची दोघं पोरं जिन्यात होती, गणपती मंडळातली, हातापायाने दणकट. ती दारात येऊन उभी राहिली.

"काय झालं काका? कोण काय बोललं पूजेला?"

मी बोललो नाही. त्यातला एक आत आला, मेकॅनिकच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला आणि त्याने शांतपणे विचारलं, "नाव काय तुमचं?"

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो असतो, काही नाही रे, जा तुम्ही, माझं आणि त्यांचं चाललंय, तर दोघं गेली असती. माझं ऐकतात ती. मी सोफ्यावर बसलो होतो. तसाच बसून राहिलो.

त्याने नाव सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आपलं बरोबर आहे काका. पॅनलचाच फॉल्ट आहे. कंपनी टीव्ही बदलून देईल." आवाज तोच, 'आपण' तेच. पट्टीचा काढलेला फोटो त्याने माझ्यासमोर मोबाइलमधून पुसून टाकला. पडद्याचा आणि मागच्या स्टिकरचा ठेवला. मोबाइलवर काहीतरी लिहिलं आणि बोटाने सही करायला मला दिलं. इंग्रजी होतं. काय आहे म्हणून मी विचारलं नाही, झोकात सही केली. लाल काडी त्याने कागदात गुंडाळून बॅगेत टाकली. बायको चहा घेऊन आली तोवर तो चपला घालत होता. दोघा पोरांनी त्याला वाट दिली, पण पुरती नाही. त्याला अंग चोरून जावं लागलं.

दिवाळीच्या दोन दिवस आधी नवा टीव्ही आला. मुलगा आला, त्याने पाहिलं, मास्तरांकडून सगळी कथा ऐकली आणि म्हणाला, "बाबा, मानलं तुम्हाला. मला जमलं नसतं हे." हे वाक्य ऐकायला मी किती वर्षं थांबलो होतो. बायको करंज्या तळत होती. तिने मान वर केली नाही. फराळाची ताटं भरली तेव्हा माझ्या ताटात तिने सगळं वाढलं, पण "अजून घ्या" म्हणाली नाही. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

भाऊबीज झाली, मुलगा परत गेला. मी आठवडाभर टीव्ही लावला की बंद करत होतो. शेवटी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा पत्ता मास्तरांकडून कागदावर लिहून घेतला. कशाला म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हणालो, आभार मानायला.

सेंटर म्हणजे एक लांबट खोली, टेबलावर उघडे पडलेले टीव्ही. तो मागच्या टेबलाशी काम करत होता. मला पाहिलं आणि उभा राहिला. हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच. माझ्या मागे दाराकडे नजर टाकली, माझ्याबरोबर कुणी आलंय का ते बघायला. ती नजर मला अजून दिसते.

"या काका. टीव्ही ठीक आहे ना?"

त्याचे साहेब शेजारीच बसले होते. विचारलं, "काय तक्रार आहे का, आजोबा?"

मी घरून वाक्य पाठ करून आलो होतो. म्हणालो, "तक्रार नाही. सांगायला आलोय. त्या टीव्हीत पाणी माझ्या..."

"काका," त्याने मला तोडलं. "पॅनलचा फॉल्ट होता. मी रिपोर्ट दिलाय तसा. आपल्याला कुणीतरी काहीतरी सांगितलेलं दिसतंय." हसून साहेबांना म्हणाला, "वयस्कर माणसं, मनाला लावून घेतात."

साहेब माझ्याकडे पाहत होते. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी खरं बोललो तर त्याचा रिपोर्ट खोटा ठरत होता. त्याला खोटं लिहायला लावलं मी, आणि आता माझं मन हलकं करायला त्याच्याच साहेबांपुढे येऊन उभा होतो.

"हो," मी म्हणालो. "पॅनलच खराब होतं. आभार मानायला आलो."

तो मला दारापर्यंत सोडायला आला. बाहेर रिक्षांचा आवाज होता, तो हळूच बोलला. "काका, आपल्याला बोलायचं असेल तर घरी बोला. माझं पोट आहे इथं."

"चुकलो मी," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला आणि आत गेला. माफ केलं म्हणाला नाही. का म्हणावं त्याने?

घरी बोला म्हणाला, म्हणून पुढच्या रविवारी मुलगा आला तेव्हा मी बोललो. बायकोसमोर. कुंकू, ओघळ, लाल काडी, खोटा रिपोर्ट. हे सांगताना मला वाटत होतं की आता तो म्हणणार, सांगितलं होतं ना, हात घालू नका. त्याने तेच म्हणावं अशी माझी तयारी होती. तो हसायला लागला.

"बाबा, म्हणजे तुम्ही कंपनीला चक्क गंडवलंत? आणि मी समजत होतो तुम्ही साधे आहात." त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "भारी. एकदम भारी."

बायको म्हणाली, "मंडळाच्या पोरांनी त्या माणसाला नाव विचारलं रे, आपल्या घरात येऊन."

"मग? नाव विचारलं तर काय झालं?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. हे मीच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "मी इथेच बसलो होतो. या सोफ्यावर. उठलो नाही."

मुलाने सोफ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाबा, तुम्ही फार विचार करता," तो म्हणाला आणि रिमोट कुठे आहे ते विचारू लागला.