मामांची कबुली

पोलिस दिसला की आमचे मामा आधी हात जोडायचे. गुन्हा काय ते नंतर. "चुकलं साहेब, पदरात घ्या," हे त्यांचं ठरलेलं. एकदा तर ट्रामच्या ड्रायव्हरपुढे हात जोडले, कारण त्याच्या अंगावर युनिफॉर्म होता.

असा माणूस तुम्हीपण बघितला असेल. गावाकडे फौजदारानं अडवल्यावर जो हुज्जत घालतो तो चौकीत बसून राहतो, आणि जो "चुकलं" म्हणतो तो घरी जाऊन जेवतो. मामा मिरजेकडचे, एवढा कायदा त्यांना पाठ होता. मला तेवढाही नव्हता. न्युरेम्बर्गला एका पंजाबी मालकाच्या हॉटेलात आम्ही दोघं कामाला. मामा तंदूर सांभाळायचे, मी कांदा कापायचो. मालक मला शेफ म्हणायचा तो फक्त स्वच्छता तपासायला माणूस आला की.

मामांचा गुन्हा म्हणजे गाडी. आपल्याकडचं लायसन जर्मनीत सहा महिने चालतं, मग इथलं काढावं लागतं. मामा जुन्यावरच डिलिव्हरीची गाडी फिरवत राहिले. इथल्या परीक्षेला आम्ही जोडीनं बसलो होतो. मी त्यांच्या स्क्रीनवर बघून उत्तरं दाबली. त्यांना प्रश्न वेगळे होते, हे मला नापास झाल्यावर कळलं. मामाही नापास, पण स्वतःच्या अकलेनं.

पहिल्यांदा धरलं तेव्हा श्टाट्सअन्वाल्टनं, म्हणजे सरकारी वकिलानं, केस मिटवली. ते त्याच्या हातात असतं. वाटलं तर कोर्टात ओढतो, वाटलं तर कुठल्या संस्थेला देणगी द्यायला लावून सोडतो. मामांना भटक्या कुत्र्यांच्या आश्रमाला द्यायला लावली. मामा खूश. "बघा, चुकलं म्हणलं की साहेब विरघळतोय. वर पुण्य."

दुसऱ्यांदा धरलं तेव्हा चौकीत त्यांची पोरगीपण होती. नववीत शिकते, जर्मन फाडफाड. साहेबानं त्या एका दिवसाचंच विचारलं होतं. पोरगी बापाच्या कानाशी म्हणाली, "पपा, निश्ट आलेस झागन. सगळं सांगू नका."

मामांनी हात जोडले. "कालपण चालवली साहेब. रोजच चालवतो. रविवारी देवळात जातो तेपण गाडीनंच."

गावाकडे मागितल्यापेक्षा जास्त कबूल केलं की साहेबाला दया येते. इथं साहेबानं सगळं लिहून घेतलं. प्रत्येक फेरी वेगळा गुन्हा झाली. सरकारी वकिलाला यावेळी एकही कुत्रा आठवला नाही.

आमच्या गिऱ्हाइकात पुण्याचे एक इंजिनियर होते. त्यांचीपण हीच भानगड, तेच सहा महिने. पण त्यांच्या वकिलानं त्यांना तोंड उघडू दिलं नाही, आणि त्यांचं मांजरांच्या आश्रमावर भागलं. मामा तुरुंगात गेल्यावर ते बटर नान मोडत मला म्हणाले, "अहो, असल्या लोकांमुळे आपल्या सगळ्यांचं नाव खराब होतं."

मी म्हणालो, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर. मला जर्मन असे दोनच शब्द येतात, आणि तेपण नको तिथं तोंडातून निघतात.

मामांना वर्षाच्या वर शिक्षा झाली. मागोमाग परदेशी लोकांच्या ऑफिसानं कळवलं, आता मायदेशी जायचं, परत यायला बंदी. मामी वृद्धाश्रमात कामाला, त्यांचा व्हिसा त्या नोकरीवर. म्हणजे मामी आणि पोरगी इथं, मामा तिकडं. मामांना तुरुंगाची भीती नव्हती. पोरगी अधूनमधून भेटायला येते, तिला बघता येतं, एवढ्यावर ते आत मजेत होते.

पण सरकारी वकिलाच्या हातात आणखी एक गोष्ट असते. माणूस देशाबाहेर जाणार असेल तर उरलेली शिक्षा तो सोडून देऊ शकतो. तुरुंगातली खोली मोकळी होते.

"सवलत नको म्हणावं," मामा भेटीत म्हणाले. "मी पूर्ण भोगतो. अजून चार गुन्हे कबूल करू काय?"

"मामा, आता तरी गप्प बसा," मी म्हणालो. घरी येताना वाटलं, करू द्यायला हवे होते.

पोरगीनं अर्ज केला, वडलांना पूर्ण शिक्षा द्या म्हणून. असा अर्ज त्या ऑफिसात पहिलाच आला असेल.

पुढच्या भेटीला मी आणि पोरगी गेलो. आतल्या मशीनमधून कॉफी, चॉकलेट घ्यायला सुटी नाणी नेऊ देतात, ती तिनं पिशवीत घेतली होती. दारावरचा शिपाई भला माणूस. कॉम्प्युटरवर नाव बघून हसत काहीतरी बोलला. पोरगी म्हणाली, "उरलेली शिक्षा माफ झाली म्हणतोय."

माफ एवढंच माझ्या कानात शिरलं. मी काचेखालच्या फटीतून त्याचा हात धरला आणि डांके डांके, म्हणजे आभार आभार, म्हणत हलवत राहिलो. तो पुढचं सांगत होता, मी काही सोडेना.

"दादा, हात सोडा त्याचा," पोरगी म्हणाली. "पपांना सकाळच्या विमानानं पाठवलं."

मागं रांग होती, आम्ही बाजूला झालो. दाराच्या काचेतून आतलं कॉफीचं मशीन दिसत होतं. पोरगी नाण्यांची पिशवी धरून तिकडंच बघत उभी राहिली.