घड्याळजींच्या कमरेची डबी

आमचे हे घड्याळजी. चाळीस वर्षं भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त केली आणि स्वतःच्या तब्येतीकडे कानाडोळा केला. शेवटी हृदय दमलं, तेव्हा डॉक्टरांनी छातीत पंप बसवला. पोटातून एक वायर बाहेर येते, ती कमरेच्या डबीला जोडलेली. डबीला दोन बॅटऱ्या. पंप चालतो तो या डबीच्या हुकमावर. रक्त एकसारखं वाहतं, म्हणून मनगटावर नाडी लागत नाही. हे ठाऊक असूनही माझी बोटं रोज तिथे जातात.

परवा दुपारी दुकानात डबा घेऊन गेले, तर डबी कर्कश ओरडायला लागली. लाल दिवा! मी फोन शोधायला लागले. हे मात्र डबीच्या वायरला हात घालायला निघाले.

"अहो, काय करताय?"

"काढून परत लावतो. नीट बसली नसेल."

बिघडलं की उघड, ही यांची जन्माची खोड. इथे वायर निघाली तर पंपच थांबेल!

"हात लावाल तर याद राखा!" मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले आणि हॉस्पिटलातल्या पंपाच्या सिस्टरला फोन लावला. दोनदा चुकीचा नंबर लागला.

फोन स्पीकरवर टाकून डबीच्या पडद्यावरचा मजकूर मी वाचून दाखवला.

"काकू, पंप चालू आहे. त्याला रक्त कमी पोचतंय. काही काढू नका. काका, चक्कर येतेय?"

"थोडी."

"सकाळपासून पाणी किती प्यायलात?"

यांनी टेबलावरच्या उघड्या घड्याळाकडे पाहिलं. उघड्या घड्याळाजवळ पाणी आणायचं नाही, हा यांचा नियम. थेंब उडाला तर चक्रं गंजतात ना! सकाळपासून घोटभरही नाही, वर लघवी होण्याची गोळी घेतलेली.

"आडवे व्हा, पाणी प्या. ॲम्ब्युलन्स पाठवते."

मी बाटली उघडली. थोडं पाणी टेबलावरच्या चक्रांवर सांडलं, सांडू दे मेलं. डबी ओरडतच होती. देवा, आज नको, एवढंच माझ्या तोंडात. दुसरी बाटली संपत आली तेव्हा कुठे आवाज थांबला.

"घाबरलीस?"

"नाही तर काय नाचू?" म्हटलं आणि मला रडू फुटलं.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक दारात आलं. "माझं घड्याळ संध्याकाळी मिळेल ना?"

यांनी कधी कुणाला वायद्याशिवाय परत पाठवलं नव्हतं. जमिनीवर पडल्या पडल्या त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"संध्याकाळचं मी काय सांगू?"