लिओना थिबोची कच्ची कापणी

दव गोठायच्या संध्याकाळी आमच्या रस्त्यावर फोन फिरतात. कुणी ठरवून दिलेलं नाही, पण आभाळ निरभ्र झालं, वारा पडला आणि नाकाचा शेंडा बधिर व्हायला लागला की मी लिओनाला फोन करते, लिओना मर्टनला, मर्टन पुढच्या वळणावरच्यांना. बोलायचं एवढंच, "आज पांघरूण घाला." मग सगळे घरातल्या जुन्या चादरी घेऊन परसात. टोमॅटोवर चादर, डेलियावर चादर, आणि ज्यांनी गांजा लावलाय त्यांच्या दोन झाडांवरही चादर. दोनच, कारण आमच्या व्हरमाँटात कायद्याने घरटी दोनच झाडं पिकवता येतात. सकाळी रस्त्याने जाताना कुणाच्या बिछान्यावर काय नक्षी आहे ते अख्ख्या गावाला कळतं. मर्टनच्या चादरीवर आगगाड्या आहेत. साठीला आलेल्या माणसाच्या. आम्ही त्यावरून त्याला काही बोलत नाही, म्हणजे रोज बोलतो.

गेली काही वर्षं लिओना थिबो पांघरूण घालत नाही. माझा फोन गेला की ती मर्टनला निरोप देते आणि कात्री घेऊन परसात उतरते. झाडं तेव्हा कच्ची असतात, तुरे भरायला अजून अवकाश असतो. तरी ती दोन्ही बुंध्यापासून कापते. मर्टनच्या दुकानात त्यावरून दर वर्षी हशा होतो. "लिओनाचा गांजा माझ्या गाईने खाल्ला," मर्टन म्हणतो, "आणि बिचारी आणखी शुद्धीवर आली." लिओना पाव उचलते आणि म्हणते, "दोघांतलं एक तरी शुद्धीवर असलेलं बरं, मर्टन."

मी तिथे असले तर पाव न घेताच बाहेर पडते. मला तो विनोद सोसत नाही.

लिओनाचा नवरा अल्सीद. कॅनडाची हद्द आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्याचे आजोबा तिकडून गाई हाकत आले होते. अल्सीदनेही गाईच राखल्या. पुढे दुधात काही राम उरला नाही तेव्हा त्या विकल्या, आणि त्या दिवशी तो गोठ्यात जाऊन रिकाम्या दावणीपाशी बसला होता, हे मला लिओनाने सांगितलं, त्याने नाही. तो स्वतःबद्दल बोलणारा माणूसच नव्हता. हवेबद्दल विचारा, तासभर बोलेल. गाईच्या पोटफुगीबद्दल, मॅपलच्या रसाबद्दल, कुंपणाच्या खांबांबद्दल बोलेल. "कसा आहेस?" विचारलं की म्हणायचा, "ओलं आहे जरा." म्हणजे जमीन.

घरी गांजा लावायची मुभा मिळाली तेव्हा सगळ्यांत आधी झाडं अल्सीदने लावली. ओढायला नाही, त्याला धुराचा खोकला यायचा. दुसऱ्याची झाडं बघून त्याचा हात शिवशिवत होता, एवढंच. गाई गेल्यावर त्याला काहीतरी वाढवायला हवंच होतं. आणि एकदा लावल्यावर त्याने त्या झाडांचा असा अभ्यास केला की आम्ही सगळे त्याच्याकडूनच शिकलो. चादर खांबांवर ताणायची, पानांना टेकू द्यायची नाही. टेकली की तेवढीच जागा गोठते. सकाळी गोठलेल्या झाडाला हात लावायचा नाही, ऊन येऊन दव वितळू द्यायचं. मग देठ वाकवून बघायचा. ताठ असला तर नुसती पानं भाजलीत, झाड जिवंत आहे, ऊब परत येईल तेवढे दिवस थांबा. देठ लुळा पडला तर त्याच दिवशी कापा, नाहीतर आतून सडेल.

आणि जांभळ्या रंगाला भुलू नका, हे तर त्याने आम्हा प्रत्येकाला दहादा ऐकवलं होतं. थंडी लागली की ही झाडं जांभळी होतात. बघणाऱ्याला वाटतं, पिकली. पीक रंगात नसतं, तुऱ्यांवरच्या चिकाच्या बारीक थेंबांत असतं. ते सोनाराच्या भिंगातून बघायचे. पाण्यासारखे असले तर कच्चे, दुधासारखे झाले की तयार. पहिल्या वर्षी मर्टन जांभळा रंग बघून धावत सुटला आणि सगळं कच्चं कापून बसला. अल्सीद त्याला पुढे कायम "जांभळ्या" म्हणायचा.

मग अल्सीदच्या हाडांत कॅन्सर निघाला.

डॉक्टरांनी मॉर्फिनचे थेंब दिले. त्याने दुखणं जायचं, पण त्याच्याबरोबर अल्सीदही जायचा. तोंड उघडं टाकून पडून राहायचा, आणि जागा झाला की लिओनाला "मामां" म्हणायचा, म्हणजे त्यांच्या फ्रेंचमध्ये आई. त्याची आई जाऊन जमाना झाला होता. लिओना सगळं सोसायची, पण ती हाक तिला सोसायची नाही. मग तिने आदल्या वर्षीचा गांजा लोण्यात कढवला आणि ते लोणी भाजलेल्या पावाला लावून त्याला द्यायला लागली. अर्धा तुकडा खाल्ला की तासाभराने अल्सीद टेबलाशी येऊन बसायचा. अल्सीद म्हणूनच बसायचा. दोघं क्रिबेज खेळायची. तो आमच्याकडचा पत्त्यांचा डाव, गुण झाले की लाकडी फळीवर खुंट्या पुढे सरकवायच्या. तो तिला हरवायचा, ती चिडायची, आणि मग थेंब न घेताच तो झोपायचा. त्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे सुख असं जे काही होतं ते एवढंच होतं.

ऑगस्ट संपता संपता ते लोणी संपलं. तेव्हा गांजा दुकानात मिळत नसे, आणि त्या सुमाराला सगळ्यांच्याच बरण्या रिकाम्या असतात. परसात दोन झाडं उभी होती, तेवढीच आशा. लिओना त्यांच्याकडे अशी बघायची की मला बघवत नसे. तिला ती झाडं भरलेली हवी होती, गुणाची हवी होती. कच्च्या गांजाने त्याला काय आराम पडणार?

सप्टेंबरात कडाका लवकर आला. मी फोन केला, लिओनाने चादरी घातल्या. निळ्या फुलांच्या, तिच्या लग्नातल्या. सकाळी ऊन वर आल्यावर तिने त्या काढल्या तर दोन्ही झाडं शेंड्यापासून खाली जांभळी झालेली. अल्सीद स्वयंपाकघरात खिडकीपाशी खुर्चीत बसून बघत होता. पुढचं सगळं लिओनाने त्याच दिवशी मला फोनवर सांगितलं, हसत हसत.

"पिकली गं, म्हातारे," तो म्हणाला. "आजच काप."

"कुठली पिकलीत? थंडीने जांभळी झालीत ती. तूच शिकवलंस ना?"

"असेल. तरी काप."

"थांब, भिंग लावून बघते."

ती बघून आली. देठ ताठ होते. थेंब पाण्यासारखे होते.

"कच्ची आहेत, अल्सीद. पुढच्या आठवड्यात ऊब येणार आहे, रेडिओवर सांगितलंय. उभी राहू देत."

"कच्ची तर कच्ची. ओव्हनमध्ये वाळव, उद्या लोण्यात घाल."

"ओव्हनमध्ये? ओव्हनमध्ये वाळवणाऱ्यांना तू काय काय म्हणायचास, आठवतंय का?"

"आठवतंय," अल्सीद म्हणाला. "लय वाईट म्हणायचो."

त्याने मांडीवरचं पांघरूण वर ओढलं. मग म्हणाला, "बरं बाई. तू म्हणतेस तसं."

लिओना मला फोनवर म्हणाली, "विनी, आज मी अल्सीदला पकडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तो जांभळ्या झाला." मीही हसले. ती पुढे म्हणाली, "आणि डोकंही जरा हललंय बघ त्याचं. मी बाहेर असताना साध्या लोण्याची वडी फ्रीजमधून काढून चुलीशेजारी ठेवून दिली. भिंत धरून धरून गेला असेल तिथवर. पडला असता तर? मी म्हटलं, हे लोणी कुणी काढलं? तर म्हणतो, मीच असेन. मी ठेवलं परत आत."

ऊब आली. अल्सीद सांगायचा तशीच, अगदी वेळेवर. मॅपलची झाडं लाल झाली, दुपारी अंगातले स्वेटर उतरवायची वेळ आली, आणि परसातली ती दोन झाडं अशी भरली की रस्त्याने जाणारे गाडी हळू करून बघायचे. अल्सीदचं दुखणंही तसंच चढत गेलं. मॉर्फिनचे थेंब वाढवावे लागले. तो खिडकीपाशी बसेनासा झाला, मग उठेनासा झाला. लिओना रोज झाडांना भिंग लावायची आणि आत येऊन त्याला सांगायची, "दुधट व्हायला लागलेत. थोडं थांब, अल्सीद. आता थोडंच." तो म्हणायचा, "हो, मामां."

तो गेला तेव्हा लिओना त्याच्याजवळ होती. पण ती कोण, ते त्याला ठाऊक नव्हतं.

माती देऊन आल्यानंतर दोन दिवसांनी तिने झाडं कापली. मी मदतीला गेले. असं पीक आमच्या रस्त्यावर त्याआधी आणि त्यानंतर कुणाचं आलेलं नाही. रिकाम्या गोठ्यात आम्ही फांद्या उलट्या टांगल्या, आणि लिओना वर बघत म्हणाली, "एकदम वेळेवर कापलं ना गं?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

गांजा वाळल्यावर ती लोणी करायला बसली. कुणासाठी, ते मी विचारलं नाही. काहीतरी हाताला हवं असतं माणसाच्या. तिने फ्रीजमधून लोण्याची वडी काढली आणि ती हातात धरून तशीच उभी राहिली. मी जवळ गेले. वडीचा कागद एका टोकाला उलगडलेला होता, आणि तिथे लोण्यात अंगठ्याचा खड्डा होता. मोठा, नखाच्या कडेशी चीर असलेला. दावं ओढताना अल्सीदचं नख फाटलं होतं ते कधीच नीट आलं नाही. लोणी पुरेसं मऊ झालंय का, ते त्याने दाबून बघितलं होतं. पुन्हा फ्रीजमध्ये गेल्यावर तो खड्डा तसाच घट्ट झाला होता.

लिओना खाली बसली. खुर्चीवर नाही, जमिनीवरच.

"त्याला ठाऊक होतं, विनी," ती म्हणाली. "जांभळी कशाने होतात ते त्याला ठाऊक होतं. आणि आठवडाभर थांबणं त्याच्याच्याने होणार नाही, तेही."

"मग सरळ बोलला का नाही तो?"

"तो? तो कधी बोललाय?" तिने वडी छातीशी धरली होती आणि तिचा झगा तेलकट होत होता. "एक संध्याकाळ मागत होता तो माझ्याकडे. टेबलाशी बसायला. आणि मी त्याला भिंग दाखवलं."

मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. मला राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं. तिचा तर नव्हताच. तिने तेच केलं होतं जे त्याने शिकवलं होतं, आणि नीट केलं होतं. टेबलावर क्रिबेजची फळी होती. खुंट्या जिथे होत्या तिथेच होत्या, अल्सीद पुढे आणि लिओना मागे.

ती वडी अजून तिच्या फ्रीजमध्ये वरच्या बर्फाच्या कप्प्यात आहे, कागदात गुंडाळलेली. मर्टनला हे माहीत नाही, आणि मी त्याला सांगणार नाही. सांगितलं तर तो विनोद करायचा थांबेल, आणि लिओनाला ते आवडणार नाही.

यंदाही कडाका आला तेव्हा मी तिला फोन केला. "लिओना, आज पांघरूण घाल."

"कापते," ती म्हणाली.

मी माझी कात्री घेऊन गेले. दोघींनी उजेड असेपर्यंत दोन्ही झाडं कापली, कच्चे हिरवे तुरे तोडले आणि पत्र्यावर पसरून ओव्हनमध्ये वाळायला घातले. घरभर ओल्या गवताचा वास झाला. त्या लोण्याने कुणाला काही होत नाही, मी खाऊन बघितलंय. तरी दुसऱ्या दिवशी ती ते कढवते, आणि आम्ही पावाला लावून खातो. त्यासाठी लागणारी लोण्याची वडी तिने आदल्या संध्याकाळीच फ्रीजमधून काढून चुलीशेजारी ठेवलेली असते.