परीक्षेत न येणारा तास

किस्से मी गोळा करत नाही हो! संध्याकाळी पर्स रिकामी केली की खडूच्या तुकड्यांसोबत एखादा निघतोच. यंदा मात्र पर्स पुरली नाही. जूनमध्ये शाळा उघडली आणि मी सहावीत वाचनतास सुरू केला ना, म्हणून!

आमची सरकारी शाळा मध्य प्रदेशातल्या सौंसरजवळच्या गावात. पोरं घरी मराठी बोलतात, पुस्तकं हिंदी. नियम साधा ठेवला. प्रार्थना झाली की पहिला तास ज्याला जे आवडेल ते पुस्तक घ्यायचं आणि मुकाट्यानं वाचायचं. मॅडमनंसुद्धा!

पहिल्याच दिवशी रोशनीचा हात वर. ही वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी.

"मॅडम, याच्यावर परीक्षेत काय येईन?"

"काहीच नाही."

"मंग आपण कायले वाचून राहिलो?"

म्हटलं, "वाचून झालं की तूच मले सांग!"

*

दुसऱ्या आठवड्यात बडे सर, म्हणजे आमचे हेडमास्तर, राउंडवर आले. सहावीतून आवाज नाही म्हटल्यावर घाबरलेच! दारातून डोकावून हळूच विचारतात, "मॅडम, काय झालं? कोणाले मारलं का?"

"नाही सर. पोरं वाचून राहिली."

सरांनी साऱ्या बाकांवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाले, "ते ठीक आहे. पण शिकवणं कधी सुरू करता?"

मी समजावलं. त्यांना काही पटलं नाही. "पोळ्यापर्यंत पाहतो," ते म्हणाले. "फरक दिसला तर चालू ठेवा. नाही तर हा तास गणिताले देऊन टाकतो!"

म्हटलं, "चालेल." आता चालेल म्हटलं खरं, पण बाहेर व्हरांड्यात गणिताचे बोंद्रे सर खुशीत हसताना मला दिसत होते.

*

प्रज्वल नवीन आलेला. आधी नरखेडकडच्या मराठी शाळेत होता, यंदा मामाकडे राहायला आला. हिंदी पुस्तक वाचता वाचता एकदम ओरडला, "मॅडम, हा राजा लय खराब आहे! पोराले बारा वर्षं शिक्षा देली. अन् पोरानं गुन्हा काय केला, ते लिहूनच नाही!"

मी पुस्तक पाहिलं. लिहिलं होतं, 'राजा ने पुत्र को बारह वर्ष तक शिक्षा दी।'

"अरे, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण! राजानं त्याला शिकवलं."

प्रज्वलनं जरा विचार केला.

"बारा वर्षं?"

"हो."

"मंग मी बरोबरच बोललो ना!"

*

एकदा मला ब्लॉकला, म्हणजे तालुक्याच्या ऑफिसात, मीटिंग निघाली. वर्गावर जायला कोणीच मोकळं नाही, फक्त बोंद्रे सर. हात जोडून सांगितलं, "सर, फक्त बसा. पण वर्गात मोठ्या माणसानंही वाचायचं, असा नियम आहे."

"पाहू," म्हणाले. चेहरा असा, जशी काही कडू गोळी दिली!

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधीच सर माझ्या टेबलापाशी.

"मॅडम, आज मीटिंग नाही का तुमची?"

"नाही."

"उद्या?"

"नाही हो सर. काऊन?"

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. "मंग ते लांडग्याचं पुस्तक तरी द्या ना! तो दारापर्यंत आला अन् घंटी झाली!"

*

श्रावणात रोशनीचे आजोबा शाळेत आले. त्यांची संत्र्याची बाग आहे. पायाला चिखल तसाच, अन् चेहरा रागीट. मी खुर्ची दिली, तर बसेनात.

"मॅडम, या पोरीजवळ घरी पुस्तक देऊ नका!"

"काय झालं बाबाजी?"

"मले गोष्ट वाचून दाखवते. अर्धी झाली की पुस्तक बंद करते, अन् म्हणते, बाकीची उद्या! पाऊस नाही म्हणून आज बागेत पाणी सोडलं. माझं सारं ध्यान त्या चोरात. पाणी शेजाऱ्याच्या कपाशीत गेलं!"

मी सॉरी म्हटलं. ते दारापर्यंत गेले, मग परत वळले.

"सापडते का तो?"

*

पोळ्याच्या आधीच्या शनिवारी बडे सर फरक पाहायला आले. आणि नेमकं शेवटच्या बाकाकडे बोट केलं. "तू ऊठ. वाच."

ती दुर्गा. जूनमध्ये तिला अक्षराला अक्षर जोडता येत नव्हतं. रोज मी तिच्याजवळ बसून हळू आवाजात वाचून घ्यायची. पण वर्गासमोर तिनं कधीच वाचलं नव्हतं.

"सर, रोशनीले विचारता का?" मी म्हटलं.

"रोशनी तर जूनमध्येही वाचत होती. फरक पाहायचा आहे ना?"

मी दुर्गाचं पुस्तक उघडून तिच्यासमोर ठेवलं.

दुर्गा उठली. शब्दावर बोट ठेवलं. "हा... हाथी... हाथी ने... न... नदी..."

कोणी शिंकलं तरी हसणारा माझा वर्ग! पण त्या दिवशी कोणी हसलं नाही. प्रज्वल तर तिच्यासोबत नुसते ओठ हलवत होता. दुर्गाच्या कपाळावर घाम. एक शब्द अडला. ती थांबली, मागे गेली, पुन्हा आली.

बडे सरांचा आवाज एकदम मऊ झाला. "बस बेटा, बस. समजलं मले. शाबास! बैस आता." आणि ते दाराकडे वळले.

दुर्गा बसली नाही. बोट तिथंच.

"थांबा ना जी सर! पूर्णविराम नाही आला अजून!"

बडे सर परत फिरले, आणि पहिल्या बाकावर पोरांच्या मधे जाऊन बसले.