बियांना कान लावणाऱ्या आत्याबाई

माझ्या आत्याबाईंना, म्हणजे चुलत सासूबाईंना, जे ऐकू यायचं ते अख्ख्या अंबड तालुक्यात दुसऱ्या कुणाला ऐकू आलं नसेल. माणसांचं बोलणं मात्र त्यांना दोनदा सांगावं लागे. त्यांचे कान झाडांच्या बियांसाठी होते. राखेत बी घातलेली मडकी माजघरात ओळीनं असत. दुपारी घर सामसूम झालं की त्या एकेका मडक्याला कान लावून बसत. नवी नवरी असताना मी हे पहिल्यांदा पाहिलं आणि हातातलं ताट पडलं. वळूनही न बघता त्या म्हणाल्या, "हळू गं, निजलेत समदे." बाभळीचं बी वर्षानुवर्षं निजतं, पण शेळीच्या पोटातून आलेलं लवकर जागं होतं, म्हणून ते त्या शेळ्यांच्या वाड्यातून वेचत. एकदा अंबडच्या बाजारात त्यांनी शेवग्याच्या बियांची पुडी कानाशी धरली. दुकानदार हसला, "आजी, कोणाचा फोन हाय?" त्या म्हणाल्या, "आतले अर्धे मेलेत." पेरलं तर बरोबर अर्धंच उगवलं. पुढच्या खेपेला तो दुरूनच ओरडला, "आजी, चहा घ्या, पण पुडीला कान लावू नका!"

मग रस्ता रुंद करताना आमच्या दारातला लिंब तोडला. त्यांची एकुलती लेक लहानपणीच गेली होती. तिची झोळी त्याच लिंबाला असायची. शेवटच्या लिंबोळ्या त्यांनी धुऊन टोपलीत सावलीला पसरल्या. जालन्याला मोतीबिंदू काढायला जाताना मला म्हणाल्या, "लिंबाचं बी लई दिवस टिकत न्हाई. वारा लागू दे. आले की माझ्या हातानं लावते." मला बियांना मुंग्या लागण्याची भीती. मी ओलसर बी प्लास्टिकच्या बरणीत भरलं आणि झाकण घट्ट लावलं. त्या येणार त्या दिवशी बरणी उघडली तर बुरशीचा वास आला. घाईघाईनं बी पुसून परत टोपलीत टाकलं.

काळा चष्मा लावून आत्याबाई आल्या. टोपलीला कान लावून किती तरी वेळ बसल्या.

"कुठं कोंडले व्हते गं हे?"

"कुठं न्हाई," मी म्हणाले.

त्यांनी सगळं बी लावलं, रोज पाणी घातलं. एकही उगवलं नाही. मला बोलायचं होतं, पण रोज मी काही तरी काम काढून उठत असे. पुढं एका दुपारी मी धान्य निवडत होते. मानेला श्वास लागला. आत्याबाई माझ्या पाठीला कान लावून बसल्या होत्या. हे रोजचंच झालं. शेवटी एक दिवस मी रडत म्हणाले, "आत्याबाई, झाकण मी लावल्तं."

"मला त्या दिशीच कळलं व्हतं," त्या म्हणाल्या. "तू कवा बोलती, तेच ऐकून राह्यले व्हते."

आता आत्याबाई नाहीत. मी लिंबोळी पडली की त्याच आठवड्यात लावते, साठवत नाही. दारात दोन रोपं माझ्या कमरेएवढी झाली आहेत, पण ती दुसऱ्याच लिंबाची. दुपारी घर सामसूम झालं की कधी कधी मानेला श्वास लागतो. मी मागं वळत नाही. दिवसभरात झालेलं सगळं सांगते. दोनदा सांगते.