इलायजाचा दगड

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची माझ्या मेहुण्यांइतकी काळजी खुद्द अमेरिकेनंही कधी केली नसेल. जन्म नागपूरचा, उमेद ह्यूस्टनच्या रिफायनरीत खर्ची पडलेली, आणि निवृत्त झाल्यावर शुगर लँडच्या एसीत बसून हा गृहस्थ अडीचशे वर्षांपूर्वीच्या, सरहद्दीवरच्या शिपायांच्या मागे लागला. निमित्त सूनबाईंचं. ती टेक्ससची, माहेरची टर्नर. आपल्या घराण्यात एक कॅप्टन होऊन गेला, असं तिचे वडील दर थँक्सगिव्हिंगला सांगत. मला घराण्यांच्या कौतुकाचा मुळात कंटाळा. मी बटाट्यांकडे वळतो. मेहुण्यांनी मात्र एकदा टर्की चावता चावता व्याह्यांना शांतपणे विचारलं, "पुरावा?"

पुरावा कुणाकडेच नव्हता, म्हणून तो शोधण्याची जबाबदारी मेहुण्यांनी आपण होऊन घेतली. पलटणींचे हजेरीपट, जमिनीच्या सनदा, म्हाताऱ्या शिपायांचे पेन्शनचे अर्ज, सगळं कॉम्प्युटरवर मोठं करून वाचायचं. त्यांच्याकडे जेवायला गेलं की वरणभातावर केंटकीची लढाई वाढली जाई. कोण मका कापायला पलटण सोडून पळाला, कुणी सरकारी घोडा परत केला नाही, हे त्यांना शेजाऱ्यांच्या भानगडींसारखं पाठ. वहिनी म्हणत, "माझ्या वाढदिवसाला ह्यांनी मला एका शिपायाची बंदूक कशी हरवली ते सांगितलं. केक मीच आणला."

अखेर सापडला, पण कॅप्टन नव्हे; इलायजा टर्नर नावाचा साधा शिपाई. म्हातारपणी त्यानं पेन्शन मागितली. सोबती मेलेले, पलटणीतून मोकळं केल्याचा कागद नदी ओलांडताना वाहून गेलेला. सरकारनं पुराव्याअभावी अर्ज फेटाळला. अर्जात मूलबाळ नाही, असंही स्वच्छ लिहिलं होतं; पण सूनबाईंच्या घराण्याचा मूळपुरुष सॅम्युअल हा त्याचाच मुलगा, असं धरून मेहुण्यांनी ते बापलेकांच्या भांडणावर ढकललं. व्याह्यांनी कॅप्टनचं दुःख गिळलं आणि घराण्याच्या स्नेहसंमेलनात इलायजाच्या नावाचा दगड बसवायचं ठरवलं.

दगडाची ऑर्डर गेली, त्याच आठवड्यात सगळे जेवायला जमलो होतो. सुनेनं विचारलं, "बाबा, आमच्या सॅम्युअलचे वडील इलायजाच, हे कशावरून?"

"कशावरून म्हणजे? सॅम्युअल इलायजा टर्नर. मधलं नाव बापाचं."

ती जरा थांबून म्हणाली, "बाबा, माझं मधलं नाव रोझ आहे. डॅडचं नाव रोझ नाही."

एवढ्या सनदा चाळणारा माणूस नागपूरच्या शाळेच्या दाखल्याप्रमाणे अमेरिका वाचत होता. व्याही सभ्य माणूस, हसले नाहीत. दगड कॅन्सल करू, एवढंच म्हणाले.

"दगड होणार," मेहुणे म्हणाले. "पुरावा नाही म्हणून माणूस नव्हता का? माझ्या आजोबांच्या आजोबांचं नाव मला कुठं माहीत आहे? गावानं त्यांना वेशीच्या आत येऊ दिलं नाही, कागदात कोण येऊ देणार? याचं निदान नाव तरी मिळालंय. मी सोडणार नाही." हे ते आधी इंग्रजीत बोलले, मग आवाज न चढवता पुन्हा मराठीत. व्याही मान खाली घालून काटा-चमचा नीट लावत राहिले.

दगड मेहुण्यांनी स्वतः सोडवून आणला आणि मागच्या अंगणात, कढीपत्त्याशेजारी उभा केला. विनापरवाना स्मारक हटवा, अशी वसाहतीच्या असोसिएशनची नोटीस आली. मेहुण्यांनी उलट कळवलं की अर्ज एकदा फेटाळून झालेला आहे, दुसऱ्यांदा फेटाळून घेणार नाही. दुसरी नोटीस कधीही येईल. रोज सकाळी ते पाइपनं दगड धुतात, त्याच्याशी काहीतरी पुटपुटतात.

त्या दगडाखाली कुणी नाही. नातं नाही, रक्त नाही. परवा दुपारी कढीपत्ता तोडायला मी मागं गेलो. घरात कुणी जागं नव्हतं. दगडापाशी पोचल्यावर मी चपला काढल्या. गवत चांगलंच तापलेलं होतं.