रस्त्यावर उभ्या असणाऱ्याची बाजू

तुम्हा दोघांना,

गेल्या रविवारी फोनवर थोरलीनं सांगितलं की शाळेनं तिला दहशतवादाच्या इतिहासावर प्रकल्प दिला आहे. मागून धाकट्याचा आवाज आला, "आजी जेलमध्ये होती ना? तिला विचार, खरा टेररिस्ट पाहिलाय का!" मी म्हटलं, वरण उतू चाललंय, आणि फोन ठेवला. वरण उतू चाललं नव्हतं. त्या प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर नाही, आणि फोनवर तुम्ही दोन वाक्यांपलीकडे थांबत नाही. प्रकल्प पंधरा दिवसांत द्यायचा आहे असं तुमच्या आईनं कळवलं, म्हणून आजच लिहायला बसले.

जेलमध्ये मी होते ती शिकवायला. कॉलेजात तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर हर्सूलच्या कारागृहातल्या मुक्त विद्यापीठाच्या वर्गावर जाऊ लागले. दर मंगळवारी, अकरा ते एक. पर्स आणि मोबाइल दारात ठेवायचा, पुस्तकं तपासून घ्यायची, मग आत.

मी सांगते आहे त्या वर्षी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला माझ्या विषयाचे दोनच विद्यार्थी होते. एक तिथलाच शिपाई, चाळिशीचा, बिडकीनकडच्या मेंढपाळ घरातला. त्याचे वडील अजून मेंढरं राखत, पण ज्या माळावर ती चरायची तिथं आता कारखान्यांची कुंपणं आली होती. बढतीसाठी त्याला पदवी हवी होती. दुसरा कच्चा कैदी, म्हणजे ज्याचा खटला अजून संपलेला नाही असा. पैठणजवळच्या गावचा, तिशीच्या आतला. त्याचा डिप्लोमा अर्धवट सुटला होता, म्हणून शिपाई त्याला इंजिनिअर म्हणे. तो शिपायाला मामा म्हणे.

कुणालाही त्याच्यावरचा आरोप विचारायचा नाही, हा माझा नियम होता. पण इंजिनिअरवरचा आरोप सगळ्यांनाच माहीत होता: दहशतवादी कटात सहभाग. आणि आमच्या अभ्यासक्रमातला पाचवा घटक होता दहशतवादाचा इतिहास आणि त्यामागच्या विचारसरण्या. त्याचा धर्म कोणता, हे तुम्ही विचाराल. सांगणार नाही. ते कळलं की पुढचं पत्र तुम्ही नीट वाचणार नाही.

त्याच्या नोंदणीची मुदत त्या परीक्षेबरोबर संपत होती. पाचव्या घटकावरचा प्रश्न सक्तीचा, वीस गुणांचा. तो सोडला तर पास होणं अवघड, आणि नापास झाला तर आतापर्यंत केलेला सगळा अभ्यास वाया. बाहेर कधी येईल, येईल की नाही, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. आत गेलेल्या वर्षांतून स्वतःचं म्हणून काही हाती लागणार असेल तर ते एवढंच होतं.

मी घटक घेतला तो माझ्या ठरलेल्या क्रमानं. राजकारणात दहशत हा शब्द आधी वापरला गेला तो सरकारच्या कृत्यांसाठी. फ्रेंच राज्यक्रांतीत सत्तेवर आलेल्यांनी भर चौकात माणसांची डोकी उडवायला सुरुवात केली तेव्हा. पुढे रशियातले शिकलेले तरुण आले. हजार पत्रकांनी होत नाही ते एका बॉम्बनं होईल, राजा मेला की जनता उठेल, अशी त्यांची खात्री. राजा मेला, जनता उठली नाही. मग परक्या सत्तेविरुद्ध लढणारे. त्यांतल्या काहींचे फोटो आपण भिंतीवर लावतो आणि तेव्हाच्या सरकारी कागदांत त्यांना हाच शब्द लावलेला असतो. मग कुणी वर्गशत्रूच्या नावानं, कुणी वेगळ्या राष्ट्रासाठी, कुणी देवाच्या नावानं. यातून कोणताही मोठा धर्म पूर्ण सुटलेला नाही. थोरले, एवढं प्रकल्पात जरूर लिही: या विचारसरण्या एकमेकींच्या विरोधात आहेत, पण बहुतेकींच्या मुळाशी एखादी खरी तक्रार असते. मध्ये कुठंतरी अशी पायरी येते की समोरचा माणूस माणूस राहत नाही, कुणालातरी निरोप पोचवायचं साधन होतो.

"म्हंजे मॅडम," मामा म्हणाला, "राजाला मारलं, अन् राजाचंच पोरगं गादीवर बसलं?"

"हो. आणि ते बापापेक्षा कडक निघालं."

"मंग मिळालं काय?"

"तेच तर परीक्षेत लिहायचं आहे."

"चार शब्दांत लिहू का? काय बी मिळालं नाय."

"वीस मार्कांना चार शब्द?" इंजिनिअर म्हणाला. "मामा, एका शब्दाला पाच मार्क पडतील तुम्हाला."

मी त्यांना आपल्या घरचंही सांगितलं. निजामाच्या शेवटच्या वर्षी सशस्त्र टोळ्या गावोगाव फिरत होत्या. माझी आई तेव्हा नव्या लग्नाची. ज्वारीच्या कणगीमागं लपल्याची हकिकत तिनं आम्हाला शंभरदा ऐकवली. त्या टोळ्या मोडल्यावर, त्यांच्याशी काही संबंध नसलेल्या पण त्यांच्याच धर्माच्या लोकांवर आपल्या लोकांनी जो सूड उगवला, तो तिनं कधी सांगितला नाही. ते मला कॉलेजात गेल्यावर पुस्तकांतून कळलं.

इथपर्यंत ठीक होतं. मग मी चूक केली.

माझी एक जुनी पद्धत होती. प्रत्येक विचारसरणीची बाजू आधी तिच्या अनुयायाच्या तोंडून, "मी" म्हणून लिहायची, आणि मग पान उलटून ती खोडून काढायची. जे पटत नाही ते आधी त्याच्या सगळ्यांत भक्कम रूपात मांडता आलं पाहिजे, हे मला आजही पटतं. तीस वर्षं मुलांकडून मी हा स्वाध्याय करून घेतला होता. त्या सवयीनं मी फळ्यावर लिहिलं, "मी बॉम्ब का टाकला."

मामा जीभ दातांत धरून लिहू लागला. इंजिनिअरनं तारीख घातली, दीड ओळ लिहिली आणि पेनाला टोपण लावलं.

"काय झालं?"

"हे नको, मॅडम."

"जमत नाही?"

"जमतंय. म्हणूनच नको." त्यानं वही मिटली. "माझ्या वह्या पोलिसांच्या एकदा वाचून झाल्यात. चार्जशीटला जोडल्यात."

मी मास्तरकीनंच उत्तर दिलं, "हा तर स्वाध्याय आहे. कुणालाही कळेल."

"कुणाला, मॅडम?"

त्यानं टोमणा मारला नव्हता. तो खरंच विचारत होता. मी पान फाडायला हात पुढे केला, तर मामा घाईनं म्हणाला, "फाडू नका! लिव्हलेलं एकदा वाचत्यात. फाडलेलं धा येळा वाचत्यात."

शेवटी मी लाल पेनानं त्या दीड ओळीच्या वर लिहिलं, "वर्गातील स्वाध्याय. विषय मी दिलेला आहे. विद्यार्थ्याचे मत नव्हे." खाली सही, तारीख.

मामानं स्वतःची वही पुढे सरकवली. "माझ्यावर बी करा. मी तर राजाला मारून मोकळा झालोय."

आम्ही तिघंही हसलो. पण निघताना इंजिनिअर म्हणाला, "उत्तरपत्रिकेवर तुमची सही नसणार, मॅडम. तो प्रश्न मी सोडणार. बहुतेक पेपरच सोडतो."

तो आठवडा मला जड गेला. मुलांसमोर मी मोठ्या अभिमानानं मिरवलेली पद्धत, आणि तिच्यामुळं एक विद्यार्थी परीक्षा सोडत होता. मी अंतर राखून लिहायचे नमुने तयार केले: "त्यांच्या मते", "त्यांचा दावा असा की". ते घेऊन पुढच्या मंगळवारी गेले, तर इंजिनिअरनंच आपलं एक पान पुढे केलं. मी ते मामाला मोठ्यानं वाचायला सांगितलं.

"मी स्टँडवर उभी आहे. दर पंधरा दिवसांनी मुलाला भेटायला येते. पैठणची गाडी अजून लागलेली नाही. पिशवीत मुलाचे मळके कपडे आहेत, धुवायला नेते आहे. बॉम्ब ठेवणाऱ्याला काय हवं आहे ते मला माहीत नाही. त्यालाही मी माहीत नाही."

मामा थांबला. "ही तुझी आई हाय का रं?"

"व्हय, मामा."

मामानं आपली वही उघडली, स्वतःचं पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. "माझ्या राजाच्या गाडीम्होरं बी कोणतरी उभं असंलच की. म्या लिव्हलंच नाय."

मीही कधी लिहून घेतलं नव्हतं. तीस वर्षं पानाच्या दोनच बाजू भरून घेतल्या: टाकणाऱ्याची, आणि त्याला खोडून काढणाऱ्याची.

"हे मी लिहू शकतो," इंजिनिअर म्हणाला. "हे कुणीही वाचलं तरी चालेल."

मग त्याच रीतीनं आम्ही उत्तर बांधलं. आधी प्रत्येक विचारसरणीचा दावा, अंतर राखून. त्याखाली लगेच, त्या दिवशी त्या रस्त्यावर कोण उभं होतं. फ्रान्सपासून थेट आजपर्यंत. मामाला ते फार आवडलं. तो रशियाच्या राजाच्या गाडीवानाचीसुद्धा चौकशी करू लागला. मला माहिती शोधून आणावी लागली.

तरीही तो पेपरला बसेल की नाही याची मला खात्री नव्हती. परीक्षेच्या दिवसांत शिकवणाऱ्यानं तिकडं फिरकायचं नाही असा दंडक होता, तो मी पाळला. पुढच्या मंगळवारी मामा दारातच भेटला.

"बसला, मॅडम. पुरवणी मागून घेतली त्यानं."

"आणि तुम्ही?"

"मला कशाला? माझ्या निम्म्या वळी कोऱ्याच राहिल्या."

दोघंही पास झाले. मामा जेमतेम.

आता धाकट्याच्या प्रश्नाचं उत्तर. इंजिनिअर दोषी आहे की नाही, हे मला माहीत नाही. आईच्या जागी उभं राहून लिहू शकणारा माणूस निर्दोषच असतो, असं मी म्हणणार नाही. इतकी भाबडी मी नाही. ते ठरवायचं काम न्यायालयाचं आहे. मी त्याला दोन वर्षं शिकवलं आणि त्यानं मला एक गोष्ट शिकवली, एवढंच मी सांगू शकते.

मामाला बढती मिळाली, त्याची बदली झाली. माझ्या गुडघ्यांनी मलाही घरी बसवलं. वर्ग आता माझी एक जुनी विद्यार्थिनी घेते.

इंजिनिअरचा खटला अजून चालू आहे. तो दुसऱ्या गावच्या कारागृहात आहे आणि त्याच्याजवळ बी.ए.ची पदवी आहे.